दारूचं घड्याळ वेगळं, आवाजाचं वेगळं

डिसेंबर जवळ आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न फिरू लागतात. क्लब हाऊसमध्ये पार्टी ठेवली तर दारूचा परवाना काढावा लागतो का? हॉल बंद आहे, मग डीजे रात्री एकपर्यंत चालला तर बिघडलं कुठे? लग्नाच्या हंगामात हेच प्रश्न मंगल कार्यालयाच्या शेजारी राहणारे उलट्या बाजूने विचारतात. दहा वाजून गेले, ढोल थांबत नाही, आणि विचारायला गेलं तर आयोजक छातीठोकपणे सांगतात, ‘परवानगी काढलीय.’ खरी गोम या एका शब्दात आहे. कसली परवानगी, कोणाची आणि किती वाजेपर्यंतची, हे तीन प्रश्न विचारले की समोरच्याला बरेचदा उत्तर देता येत नाही. तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्या खिशात एक कागद असतो आणि त्या कागदाने सगळंच मिळालं, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

सामायिक जागेतल्या रात्रीच्या कार्यक्रमाला तीन वेगवेगळे निर्णय लागतात आणि त्यांतला एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. त्यातही सर्वांत महत्त्वाचा निर्णय सरकारी कचेरीत होत नाही, तो तुमच्याच सभेत व्हायला हवा.

कोणाच्या हातात काय आहे

- दारू: राज्य उत्पादन शुल्क विभाग, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एक्साइज’. आधार महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 चा.
- आवाज: पोलीस. आधार ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 चा.
- जागा: ज्याची आहे तो. सोसायटीचा हॉल असेल तर सोसायटी, समाजमंदिर असेल तर पालिका किंवा ग्रामपंचायत, मंगल कार्यालय असेल तर मालक किंवा ट्रस्ट.

एक्साइजने परवाना दिला म्हणजे स्पीकर लावायला मोकळीक मिळाली, असं होत नाही. पोलिसांनी ध्वनिक्षेपकाची परवानगी दिली म्हणजे बाटली उघडता येते, असंही नाही. आणि दोन्ही कागद हातात असले, पण हॉलच्या भाडेपत्रकावर ‘मद्यपानास सक्त मनाई’ छापलेलं असेल, तर ते दोन्ही कागद त्या हॉलपुरते निरुपयोगी. पालिकेच्या जागांच्या अटींमध्ये ही ओळ बहुधा असतेच. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी भाडेपत्रकाची मागची बाजूही वाचा.

31 डिसेंबरला होणारा घोळ

दोन घड्याळं कशी निराळी चालतात, ते याच रात्री सर्वांत स्पष्ट दिसतं. 24, 25 आणि 31 डिसेंबरसाठी राज्य सरकार गेली अनेक वर्षं दारूविक्रीची वेळ वाढवणारा आदेश काढतं. परमिट रूम पहाटे पाचपर्यंत, वाइन शॉप रात्री एकपर्यंत, अशी ती सवलत असते. वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘पहाटेपर्यंत जल्लोष’, आणि सोसायटीच्या कमिटीला वाटतं की हे आपल्यालाही लागू आहे. तो आदेश कोणत्या प्रकारच्या परवान्यांसाठी आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. तुमच्या हातात एका दिवसाचा परवाना असेल, तर त्यावर छापलेली वेळ हीच तुमची वेळ. मथळा तुमच्या कामाचा नाही.

आता आवाजाकडे या. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक बंद, हा मूळ नियम. राज्य सरकारला सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही रात्री बारापर्यंतच, सूट देता येते. हे पंधरा दिवस कोणते, ते आपल्याकडे जिल्हाधिकारी जाहीर करतात. गणेशोत्सव आणि नवरात्रातले काही दिवस त्यात असतात, 31 डिसेंबरही बहुतेक ठिकाणी असतो, पण आपल्या जिल्ह्याची त्या वर्षीची यादी पाहिल्याशिवाय गृहीत धरू नका. यादीत तो दिवस असला तरी मोकळ्या जागेतलं संगीत बाराला थांबलं पाहिजे. थोडक्यात, शेजारच्या परमिट रूममध्ये पहाटे पाचपर्यंत कायद्याने पेला भरता येईल, पण तुमच्या लॉनवरचा स्पीकर बारा वाजून एक मिनिटाने बेकायदा ठरेल.

लग्नाच्या बाबतीत तर हे आणखी कडक आहे. लग्न हा त्या पंधरा दिवसांतला उत्सव नव्हे. यादीबाहेरच्या दिवशी उघड्या लॉनवर रात्री दहानंतर स्पीकर चालू ठेवण्याची परवानगी कोणताही अधिकारी देऊ शकत नाही, कारण तो अधिकार त्याला मुळात दिलेलाच नाही. ‘वरून सांगून घेतो’ असं म्हणणारा कार्यालयाचा मॅनेजर तुम्हाला जी वस्तू विकतोय, ती त्याच्या दुकानात नाही. ही पंधरा दिवसांची सूट सर्वोच्च न्यायालयापर्यंत तपासली गेली आहे. 2005 मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली, पण तिचा वापर मर्यादित राहील याकडेही लक्ष वेधलं. त्या खटल्याचं मूळ आठवण्यासारखं आहे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारच्या स्पीकरच्या गदारोळात तिच्या हाका कोणाला ऐकूच आल्या नाहीत, या बातमीवरून ती याचिका दाखल झाली होती.

‘हॉल बंद आहे’ हे उत्तर किती टिकतं

हा युक्तिवाद निराधार नाही. रात्रीच्या बंदीतून नियमांनी बंदिस्त जागांना वगळलं आहे आणि सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल यांची नावं त्यात आहेत. म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये दहानंतर माइक चालू राहिला, एवढ्यावरून आपोआप गुन्हा होत नाही. पण सवलत आहे ती आतल्या लोकांना आतलं ऐकू यावं यासाठी. बाहेर किती आवाज जायचा, याला वेगळी मर्यादा आहे आणि ती बंद हॉललाही लागू राहते.

ती मर्यादा आकड्यांत पाहू. निवासी भागात आवाजाची पातळी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ठरवलेली आहे, व्यापारी भागात 65 आणि 55. खासगी जागेतल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या पातळीपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत रात्री, तुमच्या कुंपणाच्या भिंतीपाशी, 50. एका हाताच्या अंतरावर बसून दोघं साध्या गप्पा मारतात तो आवाज साधारण 60 असतो. तेव्हा कुंपणाशी उभं राहून गाण्याचे शब्द कळत असतील, तर मीटर आणायच्या आधीच उत्तर बहुतेक मिळालेलं असतं.

डेसिबलच्या मापात मात्र एक खोच आहे, आणि ती आयोजकांनी आणि तक्रारदारांनी, दोघांनीही समजून घ्यावी. नियमातलं माप माणसाच्या कानाला अनुसरून केलेलं असतं, त्यामुळे अगदी खालच्या पट्टीतला आवाज त्यात खूप कमी मोजला जातो. सबवूफरची धमक नेमकी त्या पट्टीत असते. सुमारे 63 हर्ट्झच्या धमकेतून या मापात तब्बल 26 डेसिबल वजा होतात. भिंत आणि काच वरच्या पट्टीचा आवाज अडवतात, खालची पट्टी त्यातून सहज निसटते. म्हणूनच चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गाणं ऐकू येत नाही, पण मांडणीवरची स्टीलची ताटं एकमेकांना लागून झिणझिणत राहतात. मीटर म्हणतो सगळं ठीक आहे आणि घरातलं माणूस म्हणतं झोप लागत नाही. खरं दोघांचंही असतं. यावरचा इलाज कायद्याच्या पुस्तकात शोधू नका, तो मिक्सरच्या बटणात आहे. दहानंतर सबवूफर बंद, एवढी एक अट आयोजकाने स्वतःहून मान्य केली, तर नाचणाऱ्यांचं फारसं काही जात नाही आणि शेजाऱ्यांचं बरंच काही वाचतं.

दुसरी खोच दाराची. हॉल बंद म्हणजे कुलूपबंद नव्हे हे कबूल, पण दर दोन मिनिटांनी कोणीतरी सिगारेटसाठी बाहेर पडतो, केटररची माणसं मागच्या दाराने परात घेऊन येतात-जातात, आणि एसी पुरेसा नसला की अकरा वाजता खिडक्या उघडल्या जातात. त्या क्षणी हॉल बंदिस्त राहत नाही. दोन दारांची मधली खोली असेल तर उत्तम. नसेल तर दाराशी एक माणूस बसवा आणि बाहेर थांबणाऱ्यांची सोय रहिवाशांच्या खिडक्यांपासून लांब करा. तक्रारी संगीतापेक्षा गेटवरच्या निरोपांच्या आणि हॉर्नच्या जास्त असतात, आणि त्यांचा उल्लेख कोणत्याच परवान्यात नसतो.

एका दिवसाचा दारू परवाना

‘आम्ही विकत नाही, पाहुण्यांना देतोय’, हे वाक्य महाराष्ट्रात पुरेसं नाही. इथे मुळात बंदी आहे आणि परवाना हा तिला अपवाद आहे. दारू प्यायलासुद्धा परमिट लागतं. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचं परमिट पाच रुपयांत मिळतं, वर्षाचं शंभरात, आजीवन हजारात. हे अनेकांना विनोदी वाटतं, पण छापा पडला की हसू येत नाही. हॉलमध्ये, लॉनवर, फार्म हाऊसवर दारू द्यायची असेल तर एक्साइजकडून त्या तारखेचा, त्या जागेचा परवाना काढा. अर्ज ऑनलाइन होतो. शुल्क बऱ्यापैकी असतं, म्हणून ‘राहू दे, कोण बघतंय’ असा मोह होतो. परवान्याशिवाय पैसे घेऊन पिण्याची सोय करून देणं हा सार्वजनिक मद्यपानगृह चालवण्याचा गुन्हा आहे आणि तिथे पीत बसलेल्यांवरही वेगळं कलम लागतं. शंभर रुपयांचं कूपन काढलं तरी ते पैसे घेणंच झालं, हे मंडळांच्या लक्षात येत नाही.

परवाना मिळाल्यावरही लोक कुठे अडकतात, ते असं:

- परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस शेवटपर्यंत हजर हवा. अधिकारी प्रश्न त्यालाच विचारणार. सेक्रेटरीच्या नावाने काढून सेक्रेटरी साडेदहाला घरी झोपायला गेले, असं होऊ देऊ नका.
- दारू परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिलं हॉलमध्येच ठेवा. कोणी प्रेमाने गोव्याहून आणलेली बाटली टेबलावर आली की तिच्या लेबलवरचं ‘फॉर सेल इन गोवा ओन्ली’ आधी निरीक्षक वाचतो. लष्करी कँटीनच्या बाटलीचंही तेच.
- वय तपासण्याची जबाबदारी तुमची. बिअरला 21, इतर कडक मद्याला 25 वर्षं पूर्ण हवीत. सामायिक कार्यक्रमात कॉलेजातली मुलं असतातच, तेव्हा वाढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.
- तारीख ठरवतानाच ड्राय डे पाहा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे ठरलेले. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे 48 तास आणि मतमोजणीचा दिवस. शिवाय स्थानिक कारणांसाठी जिल्हाधिकारी आदेश काढतात, तो आठवडाभर आधी पुन्हा तपासा.

गाण्यांच्या हक्कांची वसुली

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी संगीत-हक्क कंपनीचा फोन येतो आणि कमिटी घाबरते. थोडक्यात एवढंच: लग्न आणि त्याला जोडून होणारे सामाजिक समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. त्याच कलमानुसार निवासी जागेतल्या रहिवाशांच्या सामायिक बंद हॉलमध्ये, मुख्यतः रहिवाशांसाठीची सोय म्हणून ध्वनिमुद्रित गाणी वाजवणं हाही भंग ठरत नाही. मात्र बाहेरच्यांना तिकीट लावून बोलावलंत, तर ही सूट धरून बसू नका. तिकिटासोबत पोलिसांचे सार्वजनिक करमणुकीचे परवानेही मागे लागतात.

त्रास तुम्हाला होत असेल तर

रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू असेल, तर आवाज किती आहे हे तुम्ही सिद्ध करायची गरज नाही. वेळेचा भंग हेच तक्रारीला पुरेसं कारण आहे. 112 ला फोन करा आणि तक्रार नोंदली गेल्याचा क्रमांक किंवा संदेश जपून ठेवा. बंद हॉलच्या बाबतीत मात्र पातळीचा प्रश्न येतो, तिथे ठरलेल्या पातळीपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर तक्रारीचा हक्क मिळतो. मोबाइलवरच्या ॲपचं माप पुरावा म्हणून फारसं टिकत नाही, पण पोलिसांनी मीटर घेऊन यावं असा आग्रह धरण्यासाठी उपयोगी पडतं. खिडकीतून वेळ दिसेल असा छोटा व्हिडिओ त्याहून बरा.

‘नाव कळलं तर सोसायटीत तोंड कसं दाखवू’ ही भीती खरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की अशा तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागत बसू नये आणि ती उघडही करू नये. तो निकाल धार्मिक स्थळांवरच्या भोंग्यांसंबंधी होता, पण न्यायालयाने ज्या नियमांचा आधार घेतला ते डीजेलाही तेवढेच लागू आहेत. एक खबरदारी घ्या. जवळ रुग्णालय आहे म्हणून ‘हे शांतता क्षेत्र आहे’ असं तक्रारीत ठोकून देऊ नका. 2017 च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. तुमची तक्रार त्या एका चुकीच्या शब्दावर बाजूला सारली जाऊ शकते.

हा त्रास एका रात्रीचा नसेल, सोसायटीच्या गाळ्यात बिअर शॉप यायचं घाटत असेल, तर मार्ग वेगळा आहे. अशा नव्या दुकानाला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक राहील, अशी घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मार्च 2025 मध्ये विधानसभेत केली होती. तेव्हा गाळामालकाने सहीसाठी कागद पुढे केला की चेअरमननी एकट्याने सही करू नये, तो सभेपुढे आणावा. आणि दुकान आधीपासून असेल, तर गावात किंवा वॉर्डात 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी, दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान मागता येतं. सह्या पडताळणीत गळतात, म्हणून 25 टक्क्यांवर न थांबता बऱ्याच जास्त गोळा करा.

सभेत ठरवायच्या गोष्टी

आता त्या तिसऱ्या निर्णयाकडे. अधिकारी तुमच्या अर्जावर हो किंवा नाही म्हणतो. अर्जात ‘रात्री 11’ लिहायचं की ‘रात्री 1’, पाहुणे ऐंशी की तीनशे, संगीत आत की लॉनवर, हे सगळं अर्ज लिहिणारा ठरवतो. कायदा बाहेरची कड आखून देतो. त्या कडेच्या आत किती जागा वापरायची हे रहिवाशांनी ठरवायचं असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी ठरवलंच जात नाही. मग तोच वाद रात्री बारा वाजता, दोन पेग झालेल्या आयोजकात आणि झोपमोड झालेल्या शेजाऱ्यात, बिचाऱ्या वॉचमनच्या साक्षीने होतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: वर्षातून एक रात्र, तेवढंही सहन होत नाही का? एक रात्र असेल तर होतं. पण दोनशे घरांच्या सोसायटीत एक रात्र प्रत्येकाची असते. वाढदिवस, साखरपुडा, पंचविसावा, मॅच जिंकल्याची पार्टी. हॉलला भिंत लागून असलेल्या चार घरांना त्या सगळ्या मोजाव्या लागतात. म्हणून ‘किती वाजेपर्यंत’ यापेक्षा ‘वर्षातून किती रात्री’ हा प्रश्न सभेत आधी घ्या. उशिरापर्यंत चालणाऱ्या रात्री मोजून चार किंवा सहा ठेवा, त्यांची तारीख महिनाभर आधी फळ्यावर लावा, बाकी सगळे कार्यक्रम दहाला संपतील असं लिहा. दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो आणि तो वजनदार आहे: इथे बंदी घातलीत तर आम्ही हायवेवरच्या ढाब्यावर जाऊ आणि पिऊन गाडी चालवत परत येऊ. घराच्या लिफ्टने परतता येईल अशी पार्टी अधिक सुरक्षित, हे मान्यच करायला हवं. सरसकट बंदीचा ठराव म्हणूनच मला पटत नाही. पण या युक्तिवादातून निघतं ते एवढंच की हॉल मिळावा. लॉनवर सबवूफर मिळावा, असं त्यातून निघत नाही.

ठरावात अनामत रक्कम, जबाबदार सभासदाचं नाव आणि मोबाइल क्रमांक, संगीत बंद होण्याची वेळ आणि हॉल रिकामा होण्याची वेळ वेगवेगळी लिहा. या दोहोंत अर्धा तास ठेवलात तर गेटवरची गर्दी विरते. परवान्यांच्या प्रती चार दिवस आधी ऑफिसात जमा झाल्या नाहीत तर बुकिंग रद्द, ही ओळ विसरू नका. आणि हॉलला लागून असलेल्या घरांना नुसतं कळवू नका, त्यांच्यापैकी एकाला ठराव लिहायला बसवा.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिला पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लागते. म्हणजे 31 डिसेंबरच्या पार्टीचा विषय ऑगस्टअखेर सेक्रेटरीकडे लेखी पोचला पाहिजे. तो राहून गेला असेल, तर एकपंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते, पण मागणी केल्यापासून ती बोलवायला कमिटीला महिनाभर मिळतो. तेव्हा सह्या दिवाळीच्या आसपासच गोळा करून द्या.